गडग्यातलं खिंडार

माझ्या जावयाची एक खोड मला अजिबात आवडत नाही. तपासून आलेला पेपर तो उघडतो, आकडा बघतो आणि लॅपटॉपचं झाकण लावतो. खालचं काही वाचत नाही. करपलेल्या भांड्यावर झाकण ठेवून, घरभर वास सुटलेला असताना, "छे, कुठे काय?" म्हणणारी बाई असते ना, तसा. मग उठतो, टोपी घालतो, कुत्रीला शीळ घालतो आणि डोंगर चढायला लागतो. परत येतो तेव्हा बूट चिखलाने भरलेले आणि तोंड शिवलेलं.

चिखल मी पुसते. तोंडाचं काय करायचं?

मॅल्कम आमच्या खोऱ्यातला नव्हे. खाली समुद्राकाठी जहाजं बांधतात त्या बॅरोचा. लग्न करून आला तेव्हा मेंढी कोणत्या टोकाने खाते हेसुद्धा त्याला सांगावं लागलं, असं मी चारचौघांत सांगत आले आहे. तेवढं त्याला येत होतं, पण गोष्ट चांगली आहे आणि लोक हसतात. आमच्याकडे बाहेरून आलेल्याला तीन पिढ्या तरी बाहेरचाच म्हणतात. जावई आहे म्हणून मी सूट देणार होते थोडीच.

कामाला मात्र वाघ. आठवडाभर स्लेटच्या खाणीत दगड फोडायचा आणि सुटीच्या दिवशी माझे गडगे बांधायचा. आमच्या डोंगरावर कुंपण म्हणजे गडगा, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तो बांधायला हात लागतो आणि डोळा लागतो, आणि बॅरोच्या या पोराला दोन्ही होते, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. मग खाणीत त्याची पाठ गेली. डॉक्टर म्हणाला, यापुढे वजन उचलायचं नाही. मासळीला म्हणावं, यापुढे पाण्यात जायचं नाही, तशातला प्रकार.

कल्पना माझ्या लेकीची, रूथची. खाली गावात जनावरांचा दवाखाना आहे. त्यांना शेतोशेती फिरून जंत तपासणारा, औषधाचे हिशेब सांगणारा माणूस हवा होता. पण त्याला कागद हवा. तो कागद घरबसल्या मिळतो, पुस्तकं पोस्टाने येतात, बाकी सगळं लॅपटॉपवर. परीक्षा नाही. वर्षात चार पेपर घरून लिहून पाठवायचे, दूर कुठेतरी बसलेल्या बाई ते तपासून परत पाठवतात, आणि चारांची मिळून बेरीज पास झाली की झालं. दवाखान्याने शरद ऋतूपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं.

आणि नाहीच झालं, तर प्रेस्टनला त्याच्या भावाने एका गोदामात बसून करायचं काम बघून ठेवलं होतं. मग रूथही जाणार, माझी नात टिलीही जाणार. "आई, प्रेस्टन काही फार लांब नाही," रूथ म्हणते. चंद्रसुद्धा खिडकीतून दिसतो, म्हणून कोणी तिथे चहाला जात नाही.

मी यावर एक शब्द बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा या घरात सगळे जपून चालतात.

माझी स्वतःची शाळा म्हणजे हिवाळ्यातली शाळा. वसंतात कोकरं, उन्हाळ्यात कातरणी, मग गवत. उरलेल्या दिवसांत बर्फ नसला तर वर्गात. बाजारातले मेंढ्यांचे भाव मी वाचते, मेलेल्यांची नावं वाचते, त्याखेरीज वाचण्यासारखं फार काही छापून येत नाही. त्यामुळे मॅल्कमचे पेपर हा माझा प्रांत नव्हे. पण माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल माझा प्रांत आहे, आणि तो लॅपटॉप त्यावर अंड्यांच्या टोपलीशेजारी बसलेला असतो. टेबलावरच्या गोष्टीत मी बोलणारच.

पहिला पेपर चांगला गेला. दुसरा जेमतेम. तिसरा आला एप्रिलच्या शेवटी, कोकरांचा हंगाम सरत आला होता आणि आम्ही सगळे उभ्या उभ्या झोपत होतो तेव्हा. पास व्हायला चाळीस लागतात. आले अडतीस. आता चौथा उत्तम आला नाही, तर बेरीज जमणार नव्हती.

झाकण. टोपी. शीळ. डोंगर.

"त्याला एकटं सोड, आई," रूथ म्हणाली.

"सोडलंय की. डोंगरावर आणखी कोण आहे?"

संध्याकाळी तो जेवायला आला तेव्हा त्याच्या ताटाच्या जागी मी लॅपटॉप ठेवला होता.

"वाच," मी म्हणाले.

"काय वाचू?"

"बाईंनी लिहिलंय ते. मोठ्याने. माझे हात पिठात आहेत आणि डोळे दुखतायत."

"सासूबाई, तुम्ही या खिडकीतून कड्यावरचा कावळा ओळखता."

"कावळा मोठा असतो. वाच."

"नंतर वाचतो."

मी ओव्हनचं दार उघडलं. मटण, बटाटे आणि काळं सॉसेज घातलेलं माझं भांडं त्याला दिसेल एवढं बाहेर ओढलं, वास सुटू दिला आणि परत आत ढकललं.

"हा छळ आहे," तो रूथला म्हणाला.

"माझं सगळं बालपण असंच गेलंय," रूथ म्हणाली. "वाच ना बाबा, मला भूक लागलीय."

त्याने झाकण उघडलं. घसा खाकरला. शेळपट आवाजात पहिला शेरा वाचला. "'तुम्ही निम्म्याहून जास्त कळप फाटकाबाहेर ठेवलात.'"

"म्हणजे काय?"

"साठ मेंढ्यांच्या कळपाला जंताचं औषध किती लागेल, असा प्रश्न होता. मी साठ मेंढ्यांचं काढलं. बाई म्हणतात, कोकरं राहिली."

माझे पिठातले हात थांबले. "कोकरं कशाला मोजायची?"

"तेच तर!"

आता हे परक्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे कोणी विचारलं, "मेंढ्या किती?" तर आम्ही फक्त आयांचा आकडा सांगतो. कोकरू दूध पितंय तोवर ते आईच्या खात्यात. त्याला वेगळा आकडा नाही. माझे सासरे तर कोकरं मोजणाऱ्याला अंगणातून हाकलायचे. मोजलीत की कावळ्यांना आमंत्रण गेलं, म्हणायचे. साठ मेंढ्या म्हणजे साठ मेंढ्या. त्यांच्या पायांत काय घुटमळतंय ते देवाला माहीत आणि शरदातल्या बाजाराला माहीत.

"ही बाई राहते कुठे?" मी विचारलं.

"प्रॉबर्टबाई? हेरफर्डला."

"तरीच. तिकडे सफरचंदं होतात. झाडावरच्या फुलांना सफरचंदं म्हणून मोजत असेल."

मॅल्कम हसला. किती दिवसांनी हसला, खांदे हलवत, आणि टिलीही कारण न कळता हसायला लागली. मला इतकं बरं वाटलं, की मी पिठाचा हात पुसला आणि लॅपटॉपचं झाकण स्वतः लावलं. "जेवा," मी म्हणाले. "ज्या बाईला मेंढी कळत नाही तिचं पुढचं काय ऐकायचं?"

त्या रात्री सगळे पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आमच्या खोऱ्यात मोबाइल चालत नाही, फोन भिंतीवर आहे, आणि तो मी उचलते.

"मिस्टर फिशविक आहेत का?"

"डोंगरावर आहेत. मी त्यांची सासू, मिसेस बर्केट."

"नमस्कार. मी प्रॉबर्ट, त्यांची शिक्षिका..."

"ओळखलं. कोकरं मोजणाऱ्या."

 मग बाई म्हणाल्या, "त्यांच्या पेपरबद्दल मला दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. तसा नियम आहे."

"बोलू नका. ऐका. ऐकायला नियम आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं, ते मला आवडलं नाही.

मग मी बोलले. साठ म्हणजे काय ते सांगितलं. सासऱ्यांचं सांगितलं, कावळ्यांचं सांगितलं. पाठ मोडलेला माणूस माझ्या टेबलावर मान मोडून बसतो आणि कोणीतरी हेरफर्डला गादीच्या खुर्चीत बसून त्याच्या मेंढ्या वाढवून मागतं, हेही सांगितलं. मध्ये श्वास घेतला तो एकदाच.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"मिसेस बर्केट, पेपरचं राहू द्या. मी हेरफर्डला राहते, पण वाढले वेल्सच्या डोंगरात. आमच्याकडेही कोकरं मोजत नाहीत. माझा आजा मोजू द्यायचा नाही, पोरांना तंबी होती. मला एवढंच सांगा. मे महिन्यात जंत कोणाला मारतात? मेंढ्यांना?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"तुमच्या मेंढ्यांना मारतात का?"

"कोकरांना," मी म्हणाले.

"मग दुकानातून औषध आणता तेव्हा कोणासाठी आणता?"

 दर मे महिन्यात औषधाचा डबा मी स्वतः आणते, आणि आणते तो कोकरांसाठीच. आया बहुतेक दुर्लक्ष करतात, त्यांचं त्या निभावून नेतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बोलताना आठवलं नव्हतं.

"प्रश्नात कोकरांचा आकडा दिला होता का?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," प्रॉबर्टबाई म्हणाल्या. "पण प्रश्न मिस्टर फिशविकांकडे आहे. माझे शेरेही आहेत. एकच विचाराल त्यांना? शेवटपर्यंत वाचले का?"

फोन ठेवला. मॅल्कम आला तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. मोठा घास पाण्याबरोबर गिळावा म्हणतात. मी चहाबरोबर गिळायला बघत होते आणि तो उतरत नव्हता.

तो उतरवला आयझॅकने. आयझॅक म्हणजे पलीकडच्या उतारावरचा शेजारी, माझ्याच वयाचा, आणि माझ्याइतकाच प्रेमळ. सकाळी त्याची गाडी फाटकाशी आली, मागे ट्रेलर.

"विनी! तुझी एक निघाली माझ्याकडे."

ट्रेलरमध्ये आमची मेंढी होती, डाव्या खांद्यावर लाल पट्टा. तो आमचा. आयझॅकचा निळा, कमरेवर. डोंगर सगळ्यांचा, म्हणून खुणा ज्याच्या त्याच्या, आणि दुसऱ्याची खूण आपल्या गवतात दिसली की ती आणून सोडायची. आणणाऱ्याने टोमणा मारायचा नाही, घेणाऱ्याने फार आभार मानायचे नाहीत, मध्ये चहा. असं चालतं आमच्याकडे. "एक" म्हणाला आयझॅक, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कोकरं उभी होती. एरवी मला ऐकूही आलं नसतं.

मी चहा ओतला. मॅल्कमने मेंढी उतरवली, तिघांना कुरणात सोडलं, आयझॅकला मान हलवली आणि चहाकडे न बघता कुत्रीला घेऊन गडग्याच्या कडेकडेने निघाला.

"जावई चहा घेत नाही का?" आयझॅक म्हणाला.

"आधी खिंडार बघेल, मग घेईल."

"चांगला आहे," आयझॅक म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचं पदक.

आयझॅक गेल्यावर मी कप घेऊन मॅल्कमच्या मागे गेले. माझे गुडघे त्या चढाला आता नावं ठेवतात, पण गेले. वरच्या कोपऱ्यात, काटेरी झुडपाखाली, गडगा ढासळला होता. मॅल्कम गुडघ्यांवर बसून लहान लहान दगड बाजूला करत होता.

"मोठा उचलू नकोस."

"नाही उचलत. कुठून सुरू झालं ते बघतोय. पडलेत वरचे, पण चूक खाली आहे. हा बघा." त्याने एका दगडावर हात ठेवला. "हा मीच लावलाय. मागच्या वर्षी. लांबी आत घालायला हवी होती, मी बाहेरून दिसायला छान म्हणून आडवा ठेवला. घाई होती. थंडीत गोठला, सरकला, आणि सगळ्यांना घेऊन गेला."

हे तो मान खाली घालून सांगत नव्हता. उलट खुशीत होता, हरवलेली किल्ली सापडावी तसा. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो घास उतरला एकदाचा.

"मॅल्कम, हे खिंडार बघून तू टोपी घालून निघून का नाही गेलास?"

"कुठे जाणार? मेंढ्या परत जातील."

"आयझॅकने मेंढी आणून दिली तर तू चहा सोडून गडग्याकडे पळतोस. त्या प्रॉबर्टबाईंनी तुझ्या सगळ्या चुका एकेक करून गोळा केल्या आणि दारात आणून सोडल्या. तर तू आणि मी मिळून त्यांनाच शिव्या घातल्या."

"तुम्ही घातल्यात. मी फक्त हसलो."

"हसणारा भागीदार असतो." मग मी त्याला फोनचं सांगितलं. सगळं. जंत, डबा, वेल्सचा आजा. त्याने चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"दगड पडला तर दगडच पडतो, सासूबाई," तो म्हणाला. "तो आकडा दिसला की वाटतं, मीच पडलो. मी शाळा सोडली ना, तेव्हा मास्तर म्हणाले होते, फिशविक, तुझे हात कामाचे आहेत, वरचा मजला भाड्याने देऊन टाक. वर्ग किती हसला होता! झाकण उघडलं की मला ते हसू ऐकू येतं."

या मास्तराला मी माझ्या अंगणात एकदा भेटले असते तर बरं झालं असतं. पण तो बहुधा मेला असेल, आणि मेलेल्यांची नावं मी नियमाने वाचते.

"मला कोणी मास्तर काही म्हणाला नाही," मी म्हणाले. "मी तेवढा वेळ वर्गात नव्हतेच. चल घरी. वरचा मजला उघडून बघू, कोण राहतंय."

रूथने टेबल रिकामं केलं. मॅल्कमने झाकण उघडलं आणि आधी प्रश्न वाचला, उत्तर नव्हे. साठ मेंढ्या, पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीत नव्वद कोकरं, ढळढळीत.

"वाचली नव्हतीस?" रूथने विचारलं.

"साठ मेंढ्या वाचलं आणि पुढे बघितलंच नाही. साठ मेंढ्या म्हणजे काय ते मला येतं, वाटलं."

मग शेरे. एका कोकराच्या औषधात दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं, पाचचे पन्नास झाले होते. शेजारी बाईंनी लिहिलं होतं, "हे कोकरू आता आपल्यात नाही."

"कुठलं कोकरू?" टिलीने घाबरून विचारलं.

"कागदावरचं, राणी," मॅल्कम म्हणाला, पण त्याचाही चेहरा पडला. पाचचे पन्नास म्हणजे काय, ते या घरात सगळ्यांना कळतं.

पुढच्या प्रश्नाचा दुसरा भाग पडद्यावरचं पान उलटल्यावर होता. त्याने पानच उलटलं नव्हतं. आणखी एका ठिकाणी आकडेमोड बरोबर होती आणि उत्तर लिहिताना दुसऱ्याच ओळीतला आकडा उतरला होता. मी प्रत्येक चुकीला "गाढवा" म्हणत होते आणि बटाटे सोलत होते. मग तो वाचता वाचता थांबला.

"का थांबलास?"

"काही नाही."

"मॅल्कम."

रूथने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि वाचलं. "'जंताच्या अंड्यांना फुटण्याआधी थंडी का हवी असते, हे इतक्या सोप्या शब्दांत मी या वर्षी कोणाकडून वाचलेलं नाही. तुमची परवानगी असेल तर पुढच्या वर्गाला दाखवीन.'"

 मी सुरी खाली ठेवली.

"हे कधी लिहिलंय?" मी विचारलं.

"तेव्हाच," रूथ म्हणाली. "आकड्याच्या दोन पानं खाली."

करपलं म्हणून ज्यावर झाकण घातलं, त्याच भांड्याच्या तळाशी हे होतं. माझा जावई उठला, खिडकीशी गेला, आणि बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत उभा राहिला. मी त्याला बघू दिलं.

परत बसला तेव्हा त्यानेच शोधून काढलं. अवघड प्रश्न सगळे बरोबर होते. ज्या गोष्टी त्याला पुस्तक उघडायच्या आधी माहीत नव्हत्या, त्यांत एक चूक नाही. पाय घसरला होता तो सगळा मेंढ्यांत, औषधात, रोजच्या बेरजेत. आमचाही म्हातारा कुत्रा असाच, उभ्या कड्यावर कधी पडला नाही. पडला तो स्वयंपाकघराच्या पायरीवर.

चौथ्या पेपरला मी एकच मदत केली. तो प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि मी सुरी बटाट्यावर धरून म्हणायची, "आणि?"

"आणि काही नाही, संपला."

"पान उलट."

तो उलटायचा. कधी मागे खरंच काही नसायचं. कधी असायचं. तेव्हा तो माझ्याकडे बघायचा आणि मी बटाट्याकडे बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टिलीही सुरू झाली. "बाबा, आणि?" जेवताना, आंघोळीला, गोष्ट संपल्यावर. घरात दुसरा शब्द उरला नाही.

पेपर पाठवला त्या दिवशी त्याने खुर्ची मागे सरकवली, टोपी घेतली, दारापर्यंत गेला आणि थबकला. फाटक लावल्यावर चार पावलं जाऊन परत येतो आणि कडी ओढून बघतो, तसा परत आला. पाठवलेलं उघडलं आणि पांढराफटक पडला. अर्धवट लिहिलेली जुनी प्रत गेली होती. मुदत दुपारी बाराची. आमचं इंटरनेट म्हणजे आयझॅकचा म्हातारा घोडा, मनात येईल तेव्हा चालतं. नवी प्रत चढेपर्यंत मी घरातलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. गेली. वेळेत गेली.

मग वाट बघणं. भावाचा प्रेस्टनहून फोन आला, गोदामवाले विचारतायत म्हणाला. मॅल्कम म्हणाला, कळवतो. रूथने माळ्यावरून एक सूटकेस काढली, नुसती पुसून ठेवण्यासाठी, म्हणाली. मी ती दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर टाकली. 

निकाल आला जूनमध्ये, कातरणीच्या आधल्या आठवड्यात. आयझॅकही नेमका तेव्हाच कातरणीचा दिवस ठरवायला आलेला. मी त्याला कधी एवढं वेळेवर आलेलं पाहिलं नाही. सगळे टेबलाभोवती. मॅल्कमने झाकण उघडलं आणि माझ्या खांद्यावरचा भांडी पुसायचा पंचा ओढून पडद्याच्या वरच्या अर्ध्यावर टाकला. आकडा असतो तिथे.

"हे काय?" मी म्हणाले.

"आधी खिंडार बघतो."

आणि वाचायला लागला. पहिल्या शेऱ्यापासून, सावकाश, बोट ठेवून. हे चांगलं. हे चांगलं, पण पायरी दाखवा. इथे कोकरांसकट, शाबास. मी पाय बदलत उभी होते. आयुष्यात मी कशाची एवढी वाट बघितली नाही, रूथच्या जन्माचीही नाही. ती लवकर आली होती.

"अरे आकडा सांग मेल्या!"

"आणि?" तो मान वर न करता म्हणाला.

आयझॅक चहात हसला आणि मिशीवरून सांडला.

शेवटच्या पानावर एक सापडलंच. उत्तराला मॅल्कमने नुसता आकडा लिहिला होता. बाईंनी विचारलं होतं, "मिलिलिटर की बादल्या?" त्याने कपाळावर हात मारला, तो दगड त्याच्या ओळखीचा होता. मग पंचा उचलला.

चौऱ्याहत्तर. खाली बेरीज, आणि बेरजेपुढे 'उत्तीर्ण'.

रूथने तो पंचा घेतला आणि त्यात तोंड लपवलं. टिली टेबलाभोवती धावत सुटली. आयझॅकने मॅल्कमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "माझ्या कोकरांकडे सगळ्यांत आधी ये." मॅल्कम सगळ्यांकडे बघत होता आणि मधूनमधून माझ्याकडे. मी काही बोलले नव्हते.

"काय सासूबाई," तो शेवटी म्हणाला. "तुमचा निकाल राहिला."

"उभा राहा," मी म्हणाले. तो उभा राहिला. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, पण मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

"मॅल्कम फिशविक, तू निष्काळजी माणूस आहेस, आणि थोडाफार तसाच मरेपर्यंत राहशील. पण आपलं खिंडार आपण शोधतोस, आणि तसे या खोऱ्यात जन्मलेल्यांतही फार नाहीत. पुढच्या आठवड्यात कातरणी झाली की मी लाल रंगाचा डबा उघडणार आहे. तेव्हा डावा खांदा पुढे कर. तुझ्यावरही पट्टा ओढते. मग कुठे भटकलास तरी लोकांना कळेल, कोणाच्या दारात आणून सोडायचं."